डायमंड पॅडने काचेची कड घासताना: पॅड कापत नसेल तर जोर लावू नका

टेबलटॉपची किंवा कपाटातल्या फळीची कापलेली कड हाताने घासायला २००, ४०० आणि ८०० नंबरचे रेझिन पॅड (राळेत हिऱ्याचे कण बसवलेले) पुरतात. नंबर जितका कमी, तितका पॅड खरखरीत. टवका खोल असेल तरच आधी १२०. साठ नंबर घरच्या कामात आणूच नका. त्याचे चरे काढण्यातच पुढचा सगळा वेळ जातो. रंगावरून नंबर ओळखायला जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतात.

टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला पॅड लावायचाच नाही. ती कडेला घासताना अख्खी फुटून चुरा होऊ शकते. कोपऱ्यातला शिक्का आधी बघा.

काचेखाली रबराची चटई घाला, कड दोन बोटं बाहेर काढा. पॅड आणि काच दोन्ही ओली हवीत. पाणी साधंच, हवं तर त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. रॉकेल, तेल वगैरे सुचवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. कोरडं मात्र कधीच घासू नका: पॅड जळतो आणि काचेची बारीक धूळ फुप्फुसात जाते.

आधी २०० नंबरने वरची आणि खालची धार ४५ अंशात हलकी मोडा, मग सपाट कड घ्या. कोपऱ्याजवळ पॅड बाहेरून आत आणा. आतून बाहेर नेला की टवका उडतो.

आता खरी अडचण. थोड्या वेळाने पॅड नुसता घसरायला लागतो. खरखर थांबते आणि दुधाळ होणारं पाणी स्वच्छच राहतं. पॅड तिरपा धरून पाहिला तर मधला भाग गुळगुळीत चमकतो. अशा वेळी बहुतेक जण जोर वाढवतात, आणि तिथेच पॅड वाया जातो. रेझिन पॅडमध्ये हिऱ्याचे कण थराच्या पूर्ण जाडीत विखुरलेले असतात. वरचे कण बोथट झाले की रेझिन झिजून खालचे नवे कण उघडे पडले पाहिजेत. बारीक नंबरच्या पॅडखाली निघणारा काचेचा गाळही इतका बारीक असतो की तो रेझिन पुरेसं झिजवत नाही. त्यात जोर वाढवला, पाणी कमी पडलं, की उष्णतेने रेझिन कणांवर सारवलं जातं.

उपाय ड्रेसिंगचा, म्हणजे वरचं रेझिन खरवडून नवे कण उघडे करण्याचा. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पांढरा ड्रेसिंग दगड पाच मिनिटं पाण्यात बुडवा आणि पॅडवर हलक्या हाताने गोल फिरवा, आठ-दहा फेरे. दगड नसेल तर २२० नंबरचा वॉटर पेपर सपाट फरशीवर ओला पसरून त्यावर पॅड घासा. चमक गेली, हाताला खरखरीत लागलं की थांबा. भंगार काचेवर चार-पाच हात मारले की पाणी पांढरं झालं पाहिजे. झालं नाही तर आणखी चार फेरे. "रोज ड्रेसिंग करा" हा सल्ला चुकीचा आहे. दर वेळी चांगले हिरेही निघून जातात.

इलेक्ट्रोप्लेटेड पॅडला हे लागू नाही. त्यात निकेलमध्ये बसवलेला हिऱ्यांचा एकच थर असतो. तो गाळाने भरला तर जुन्या टूथब्रशने पाण्याखाली साफ करा. झिजला असेल तर टाकून द्या.

नंबर बदलताना काच, हात, पॅड धुवा, बादलीतलं पाणीही बदला. २०० नंबरचा एक कण ८०० च्या पॅडखाली आला तर लांब ओरखडा पडतो. ओल्या काचेवर चरे दिसत नाहीत, म्हणून कड पूर्ण कोरडी करून टॉर्च तिरपा धरून तपासा. शंका असेल तर कोरड्या कडेवर काळा मार्कर फिरवा आणि पुढच्या नंबरने घासा. चऱ्यात बसलेली शाई निघेपर्यंत त्याच्याही पुढच्या नंबरला जायचं नाही. ८०० नंतर कड मऊ पण धुरकट राहते. आरपार चमक हवी असेल तर १५००, ३००० आणि शेवटी नमद्यावर सीरियम ऑक्साइड (काच चमकवायची पावडर).

प्रत्येक नंबर स्वतंत्र डबीत, सावलीत वाळवून ठेवा. बादलीतलं पाणी रात्रभर निवळू द्या, वरचं ओतून टाका आणि तळचा गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात. बेसिनमध्ये गेला तर पाइप तुंबतो.