दुसरा सर्व्हर घेण्याआधी: हाय अव्हेलेबिलिटीची तयारी

हाय अव्हेलेबिलिटी म्हणजे एखादा सर्व्हर पडला तरी सेवा चालू राहणं. सेवा किती टक्के वेळ चालू हवी, तो आकडा आधी ठरवा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिलं तरी चालेल. ९९.९९ म्हटलं की हातात उरतात जेमतेम ५३ मिनिटं. रात्री फोन वाजून कुणी लॅपटॉप उघडेपर्यंत त्यातली बरीचशी संपलेली असतात, त्यामुळे तिथे फेलओव्हर, म्हणजे काम दुसऱ्या सर्व्हरवर जाणं, आपोआपच व्हायला हवा.

किती मिनिटांचा डेटा गेला तर चालेल, हे व्यवसायाकडून लेखी घ्या. उत्तर 'शून्य' आलं की सिंक्रोनस रेप्लिकेशन (बदल दुसऱ्या सर्व्हरवर पोचल्यावरच पक्का धरणं) आलं, आणि प्रत्येक कमिटमागे, म्हणजे बदल पक्का करताना, थोडी वाट पाहणंही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सिंक्रोनस स्टँडबाय (प्रत सांभाळणारा राखीव सर्व्हर) एकच असेल आणि तोच पडला, तर प्रायमरी (मुख्य सर्व्हर) धडधाकट असूनही कमिट अडकून बसतात. म्हणून दोन ठेवा आणि कुठल्याही एकाची पोच पुरेशी धरा. रेप्लिकेशन स्लॉटलाही (स्टँडबायसाठी बदलांचा लॉग राखून ठेवणाऱ्या सोयीला) मर्यादा घाला, नाहीतर बंद स्टँडबायसाठी लॉग साठत जाऊन प्रायमरीचीच डिस्क भरते. बॅकअप मात्र वेगळाच हवा. चुकून मारलेला डिलीट रेप्लिकावरही लगेच पोचतो.

क्वोरमसाठी, म्हणजे बहुमताने प्रायमरी ठरवण्यासाठी, नोड (गटातले सर्व्हर) विषम संख्येत घ्या: ३ असतील तर १ गेलेला चालतो, ४ असले तरी १च. दोनच नोड असले आणि मधलं नेटवर्क तुटलं, तर दोघंही स्वतःला प्रायमरी समजू शकतात. तिसरा विटनेस (फक्त मत देणारा नोड) वेगळ्या ठिकाणी ठेवा. दोन ॲप सर्व्हर एरवीच ७० टक्क्यांवर चालत असतील, तर एक पडल्यावर दुसऱ्यावर १४० टक्के भार येणार. ही जोडी नुसती कागदावरची.

लोड बॅलन्सरही (सर्व्हरांमध्ये काम वाटून देणारे) दोन हवेत. हेल्थ चेकमध्ये (नोड चालू आहे का, या तपासणीत) डेटाबेस क्वेरी घालताना जपून, कारण डेटाबेस मंदावला की सगळे नोड एकदम बाद ठरतात. सेशन (वापरकर्त्याच्या लॉगिनची माहिती) नोडच्या मेमरीत नकोत, आणि क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) दोन्हीकडे चालून तीच बिलं दोनदा जाणार नाहीत ना, ते बघा. स्टँडबायवरचं लायसन्स आणि सर्टिफिकेटची मुदतही तपासा.

हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे टाइमआउट, किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा. डेटाबेस ३० सेकंदांत दुसरीकडे उभा राहतो, पण ॲप मेलेल्या कनेक्शनवर उत्तराची वाट पाहत बसतं. लिनक्सवर टीसीपी कीपअलाइव्हची (कनेक्शन जिवंत आहे का ते पाहणाऱ्या सोयीची) पहिली तपासणी मुळात ७२०० सेकंदांनी होते, म्हणजे दोन तास. कनेक्शन पूलमध्ये (ॲपने उघडी ठेवलेल्या डेटाबेस कनेक्शनच्या साठ्यात) स्वतःचे टाइमआउट घाला.

चाचणीत सर्व्हिस नीट बंद करू नका, सरळ वीज तोडा. नंतर नेटवर्क तोडून बघा. वेळ मोजायची ती वापरकर्त्याचा पुढचा व्यवहार यशस्वी होईपर्यंत. जुन्या प्रायमरीवर परत येण्याची तालीमही त्याच दिवशी उरकून घ्या.