गेमिंग पीसीसाठी स्वस्तात स्पीकर अन् ॲम्प कसा निवडायचा, गावाकडच्या घराच्या हिशोबाने

गावात कोणाकडे गेमिंग पीसी आला की सगळे पैसे ग्राफिक कार्डात जातात, आवाजासाठी शेवटी हजार-दोन हजार उरतात, मग तालुक्याच्या दुकानात जाऊन जो डबा सगळ्यात मोठा दिसतो अन् ज्याच्यावर वॉट सगळ्यात जास्त लिहिलेले असतात तो उचलून आणतात. टेबलावर पीसी ठेवून तीन फुटांवर बसून खेळणाऱ्याला जास्त वॉट लागतच नाहीत भाऊ, त्याला स्पीकर चांगला लागते, अन् ते कमी पैशात जमते, फक्त पैसा कुठे घालायचा अन् कुठे वाचवायचा हे आधी समजून घ्या.

पहिले वॉटचं पाहू कारण फसवणूक इथंच होते. डब्यावर ५००० वॉट पीएमपीओ असं काही लिहिलं असेल तर तो आकडा सरळ सोडून द्या, पीएमपीओ मोजायची कोणतीही एक ठरलेली पद्धत नाही, जो तो आपल्या मनाने लिहिते. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॉट. अन् आरएमएसपेक्षाही कामाची गोष्ट म्हणजे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येते. घरगुती लहान स्पीकर साधारण ८५-८६ डेसिबलचे असतात. म्हणजे तीन फुटांवर बसले तर एका वॉटमध्येच एवढा आवाज की घरचे दार लावून घेतील. दहा वॉट दिले की त्याच्यावर आणखी १० डेसिबल, म्हणजे कानाला दुप्पट. पण २० वॉटचे ४० केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, नीट कान देऊन ऐकलं तर फरक समजते, बाकी काही नाही. म्हणून ४० वॉट अन् ८० वॉटच्या सेटमध्ये अडकून राहू नका. अन् रोज तासन्‌तास ८५ डेसिबलच्या वर ऐकत बसणं कानासाठी वाईटच आहे, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

आता गेमला काय लागते ते. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक असल्या गेममध्ये जीव वाचवते ते पावलाचा आवाज, रिलोडचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, अन् हे सगळं मधल्या अन् वरच्या पट्टीत असते. स्फोट, गाड्यांचं इंजिन हे खालच्या पट्टीत. स्वस्तातल्या २.१ सेटमध्ये (दोन लहान स्पीकर अन् खालच्या पट्टीसाठी एक सबवूफर) काय होते की सबवूफर जोरात धमधम करते अन् दोन बारके सॅटेलाइट स्पीकर मधली पट्टी नीट वाजवू शकत नाहीत, मग बाजूच्या खोलीत पोरं नाचतील असा आवाज येते पण मागून कोण आला हे समजत नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे, कमी बजेटमध्ये दोनच स्पीकर घ्या, २.० घ्या, अन् तेवढ्याच पैशात मिळणाऱ्या ५.१ च्या तर वाटेलाच जाऊ नका, त्यात एकच रक्कम सहा डब्यांत वाटली जाते. आरपीजी, रेसिंग अन् पिक्चर जास्त असतील तर २.१ चालेल, पण सबचं बटण अर्ध्याच्या खाली ठेवा.

बजेट अगदीच कमी असेल, दोन-अडीच हजाराच्या आसपास, तर क्रिएटिव्ह पेबलसारखे यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर पाहा. फक्त ४.४ वॉट आरएमएस आहेत, दुकानदार हसेल कदाचित, पण त्याचे ड्रायव्हर (आवाज काढणारे गोल भाग) वरच्या दिशेने ४५ अंशात तिरपे बसवलेले आहेत, टेबलावर ठेवले की आवाज सरळ कानाकडे येते, अन् वेगळा ॲडॅप्टर नाही म्हणून गडबड पण कमी. धमक मात्र मागू नका त्याला. त्याच्या थोडं वर लॉजिटेक झेड ३१३ सारखे २.१ आहेत, २५ वॉट आरएमएसचे, झेब्रॉनिक्स अन् एफ अँड डी चे पण भरपूर मिळतात. आठ-दहा हजारापर्यंत हात जात असेल तर एडिफायर आर १२८० टी, ४२ वॉट आरएमएस, चार इंची वूफर (खालच्या-मधल्या पट्टीचा) अन् वेगळा ट्विटर (वरच्या पट्टीचा), ॲम्प, म्हणजे आवाजाला ताकद देणारं मशीन, आतच असते, त्यामुळे ॲम्पचा वेगळा विचारच करायचा नाही. भाव वर-खाली होत राहतात, म्हणून घ्यायच्या दिवशी ऑनलाइन पण पाहा अन् नागपूरला सीताबर्डीत जाणं होत असेल तर तिथं पण विचारा.

पण खरी स्वस्ताई आहे ती जुन्या स्पीकरमध्ये. बऱ्याच घरी जुन्या डेकचे, जुन्या होम थिएटरचे स्पीकर धान्याच्या कोठीमागं पडून असतात. मशीन बंद पडलं पण स्पीकर शाबूत. त्यातले मोठे, लाकडी डब्याचे, वूफर अन् ट्विटर दोन्ही असलेले स्पीकर बाहेर काढा अन् आधी कोनाच्या (मधल्या हलणाऱ्या भोंग्याच्या) कडेचा फोम किंवा रबर पाहा. फोम हात लावला की भुगा होत असेल तर तो बदलावा लागेल. कोन दोन्ही बाजूंनी सारखा, हळू दाबून पाहा, खरखर घासत असेल तर आतली तारेची कॉइल गेली, ठेवून द्या. मग मल्टिमीटर लावा, ८ ओहमचा (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करते तो अडथळा) स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवते, ४ ओहमचा ३ च्या वर थोडा. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळलेली किंवा आत वायर सुटलेली. होम थिएटरच्या काही स्पीकरवर मागं ३ ओहम लिहिलेलं असते, ते सगळ्या ॲम्पला झेपत नाही, म्हणून ते स्टिकर वाचल्याशिवाय जोडू नका. अन् चार ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनलला समांतर जोडले की ते २ ओहम होतात, ॲम्प गरम होऊन जाते.

अशा स्पीकरला ॲम्प कोणता? टीपीए ३११६ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची क्लास डी प्रकारची आयसी, म्हणजे ॲम्पची चिप आहे, हिचे छोटे तयार बोर्ड काही शे रुपयांत मिळतात अन् डब्यात बसवलेले, ब्लूटूथवाले ॲम्प काही हजारांत. ही आयसी ४.५ पासून २६ व्होल्टपर्यंत चालते, अन् इथंच जुन्या लॅपटॉपचा ॲडॅप्टर कामी येते. १९ व्होल्टचा, ६५ वॉटचा ॲडॅप्टर लावला तर ८ ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे साधारण २० वॉट खरे मिळतात, आपल्या खोलीला भरपूर झाले. तोच बोर्ड १२ व्होल्टवर चालवला तर ८-९ वॉटच मिळतात, मग लोकं म्हणतात की बोर्ड डुप्लिकेट निघाला, पण कधी कधी चूक ॲडॅप्टरची असते. २४ व्होल्टला आकडा वाढते पण स्वस्त बोर्डावर बरेचदा कपॅसिटर २५ व्होल्टचेच असतात, म्हणून मी तर १९ च सांगीन. पिनचं प्लस-मायनस मीटरने पाहूनच लावा.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, या बोर्डाच्या दोन्ही चॅनलच्या मायनस वायरी एकत्र करायच्या नाहीत, ग्राउंडला पण जोडायच्या नाहीत. जुन्या ॲम्पमध्ये मायनस कॉमन असायचा म्हणून गावातले मेकॅनिक सवयीने तीन वायरीत काम करतात, इथं तसं केलं तर आयसी जाऊ शकते. प्रत्येक स्पीकरला आपल्या दोन वायरी वेगळ्या.

गावाकडं असेम्बल केलेले ॲम्प पण मिळतात, ट्रान्सफॉर्मर अन् ४४४० आयसीवाले, वर निळा यूएसबी-ब्लूटूथ पॅनल. ४४४० दोन चॅनलमध्ये ६-६ वॉटची आयसी आहे, टेबलासाठी वाईट नाही अन् बिघडला तर गावातच दुरुस्त होते, हा मोठा फायदा आहे. पण त्यात घूं असा आवाज बरेचदा असते अन् घरी स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर लाईन गेल्यावर ट्रान्सफॉर्मर आणखी गुरगुरते. घ्यायचा असेल तर दुकानात काहीच न वाजवता व्हॉल्यूम पूर्ण फिरवून कान लावून ऐका. पीसीचा आवाज त्या पॅनलमधून नका देऊ, मागच्या ऑक्समधून (आवाजाची वायर लावायच्या जॅकमधून) द्या.

वायरसाठी महागडी स्पीकर केबल नको, हार्डवेअरच्या दुकानातली तांब्याची १ स्क्वेअर एमएमची टू कोअर फ्लेक्सिबल दोन-तीन मीटरला पुरून उरते. फक्त प्लस प्लसलाच गेला पाहिजे. एक स्पीकर उलटा लागला तर बास गायब होते अन् पावलं कुठून येऊन राहिली ते अजिबात कळत नाही. स्पीकरवर खूण नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, कोन बाहेर आला तर सेलचा प्लस जिथं लावला तो प्लस.

कारचे सहा इंची कोअॅक्सियल (वूफरच्या मधातच ट्विटर असलेले) स्पीकर पण स्वस्तात मिळतात, बहुतेक ४ ओहमचे असतात, पण डब्याशिवाय ते वाजवू नका, पुढचा अन् मागचा आवाज एकमेकाला मारते अन् बास राहत नाही. सुताराकडून १८ एमएम प्लायचा बंद डबा करून घ्या, आतून २० बाय २२ बाय ३२ सेंटीमीटर, म्हणजे १४ लिटर. घरी सागवान पडलेलं असलं तरी प्लायच बरा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकडी फळी तडकते अन् डब्यातून हवा निघू लागते. एमडीएफ पावसाळ्यात ओल लागली की फुगते. डबा भिंतीला अन् जमिनीला टेकवून ठेवू नका, उधई लागते.

आता घूं आवाज अन् अर्थिंग. याच्यावर कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्पीकरमध्ये सतत घूं येते तेव्हा लोकं स्पीकर बदलतात, पण बरेचदा दोष घराच्या अर्थिंगचा असते. पीसीच्या एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थ नसेल तर ते कॅबिनेटवर जवळपास अर्धा व्होल्टेज आणून ठेवतात, म्हणून अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की झिणझिण येते. तोच करंट ऑडिओच्या वायरीतून रस्ता शोधते. आपल्याकडं तर काळी माती, पावसाळ्यात अर्थिंग चांगली असते अन् एप्रिल-मे मध्ये माती सुकून भेगा पडल्या की तीच अर्थिंग निकामी होते, म्हणून उन्हाळ्यातच घूं वाढते. अर्थच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का पाहा अन् उन्हाळाभर तिथं पाणी टाकत राहा. तीन पिनची पिन तोडून दोन पिनच्या बोर्डात लावायचं काम करू नका, ते जिवाशी खेळणं आहे, विशेष करून त्याच बोर्डावर कूलर असेल तर.

अर्थिंग ठीक असून पण घूं येत असेल तर पीसी अन् ॲम्प एकाच एक्स्टेन्शनवर घ्या, ॲम्पला शक्यतो दोन पिनचा ॲडॅप्टर लावा कारण तीन पिनवाल्यात मायनस बरेचदा अर्थला जोडलेला असते अन् लूप तयार होते. तरी गेलं नाही तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून एक छोटी डबी मिळते, ती ऑक्सच्या मधात लावायची. माउस हलवला की किर्रर्र येते ते वेगळं, ते मदरबोर्डचं, समोरच्या जॅकवर ते जास्त असते, मागचा हिरवा जॅक वापरा, नाहीतर स्वस्तातला यूएसबी डॅक (यूएसबीला लावायचं बाहेरचं साउंड कार्ड) घ्या. अन् जॅक लावताना-काढताना ॲम्प नेहमी बंद पाहिजे.

खोलीकडे पण लक्ष द्या. वर टिन, खाली फरशी, चारी भिंती कोऱ्या, असल्या खोलीत दहा हजाराचा स्पीकर पण डब्यात बोलल्यासारखा वाजते. पाठीमागच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी टाका, फरक लगेच ऐकू येते. दोन स्पीकर अन् तुमचं डोकं यांच्यात सारख्या बाजूंचा त्रिकोण झाला पाहिजे, ट्विटर कानाच्या उंचीला, मागं छिद्र असलेला स्पीकर भिंतीपासून निदान वीतभर पुढं. कोपऱ्यात ठेवला की बास फुगते. अन् कूलर. मार्चपासून जूनपर्यंत तो चालू राहणारच, त्याच्या घरघरीत बारीक पावलं बुडतात अन् आवाज वाढवून पण सापडत नाहीत, त्या दिवसांत रँक खेळायचं असेल तर सरळ हेडफोन लावा. स्पीकर कूलरच्या हवेच्या तोंडाशी तर कधीच नको, ओल्या हवेने कागदी कोन ढिला पडते.

ब्लूटूथवर गेम खेळू नका, आवाज ०.१५ ते ०.२५ सेकंद उशिरा पोचते, तेवढ्यात समोरचा गोळी मारून मोकळा, वायरच लावा. गेमच्या सेटिंगमधलं एचआरटीएफ अन् विंडोजमधलं विंडोज सॉनिक (चारी बाजूंनी आवाज आल्यासारखा भास करणाऱ्या सोयी) बंद, ते हेडफोनसाठी आहे, स्पीकरला स्टिरिओ निवडा. विंडोजचा व्हॉल्यूम ८०-९० वर ठेवून ॲम्पचं बटण खाली ठेवा, उलटं केलं की सूं असा आवाज वाढते.

अन् जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पीसीची, ॲम्पची अन् राउटरची पिन बोर्डातून काढा, बाहेरून लॅनची वायर येत असेल तर ती पण काढा, डीपीजवळ वीज पडली तर लाट त्या वायरीतून पण आत येते.