पिशवीतल्या म्हावऱ्याचं कूळ कसं शोधावं

मालवणात अकरावीला जीवशास्त्र शिकवताना वर्गीकरणाचा पहिला तास मी बाजाराच्या पिशवीतून सुरू करते.

आधी कणा बघा. कोळंबी, माकूल आणि तिसऱ्या (शिंपले) वेगळ्या काढा. त्यांना पाठीचा कणाच नाही. कोळंबी खेकड्याच्या गोतातली, माकूल आणि तिसऱ्या मृदुकाय. (आई सगळ्याला म्हावरंच म्हणते, आणि जेवणापुरतं तिचंच खरं.)

मग कल्ले. मोरीच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या, कल्ल्यांवर झाकण नसतं, बाजूला उभ्या फटी दिसतात; सांगाडा हाडाचा नाही, लवचिक कूर्चेचा. बांगड्याच्या कल्ल्यांवर हाडाचं झाकण. दोघांचे वर्ग इथेच वेगळे झाले.

आता पर, माझा आवडता भाग. बांगडा आणि सुरमई शेजारी ठेवा. दोघांच्याही शेपटीच्या अलीकडे, पाठीवर आणि पोटाखाली, सुट्या चिमुकल्या परांची रांग दिसेल. बाजारात भावाचं अंतर केवढं, पण कुल एकच: स्कॉम्ब्रिडी. बोंबलाच्या पाठीवर मोठ्या परामागे एक मऊ, बारका पर असतो. ओला बोंबील हातात ठरत नाही, म्हणून ताटलीभर पाण्यात सोडून बघा. पहिल्या वर्षी निम्म्या वर्गाने तो पर कातडीचा तुकडा समजून ओढून काढला होता. बोंबलाचं कुल सायनोडोंटिडी.

शेवटी नाव. प्राण्यांसाठी स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसची १७५८ पासूनची पद्धत: आधी प्रजाती (जीनस), मग जाती (स्पीशीज). बांगडा म्हणजे रास्ट्रेलिजर कानागुर्टा. एवढं वहीत उतरवलं की मासे लगेच बर्फात घाला. दुपारच्या उकाड्यात ते तास संपेपर्यंत थांबत नाहीत.