जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: आधी चाचणी, मग इन्स्टॉल

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, मशीन मात्र ठणठणीत असतं. ते भंगारात काढण्याआधी त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, चालवून बघा. प्रत्यक्ष इन्स्टॉल करायला अर्धा तास पुरतो. खरं काम त्याच्या आधीचं आहे, आणि लोक नेमकं तेच टाळतात.

कोणतं लिनक्स?

लिनक्सचे प्रकार, म्हणजे डिस्ट्रो, इतके आहेत की तुलनेचे व्हिडिओ बघत बसलात तर महिना जाईल. पहिल्यांदाच येत असाल तर सरळ लिनक्स मिंट घ्या. ते फुकट आहे, उबुंटू या लोकप्रिय डिस्ट्रोच्या पायावर उभं आहे, आणि विंडोज ७ वापरलेल्या माणसाला त्यात वाट शोधावी लागत नाही: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स आपल्या देशातलं, डेबियन या जुन्या डिस्ट्रोवर बेतलेलं आहे. तरीही घरच्या वापरासाठी मी मिंटच सुचवेन. कारण साधं आहे: अडचण आली की उबुंटूसाठी कोणीतरी लिहून ठेवलेलं उत्तर बहुतेक वेळा मिंटवरही लागू पडतं.

रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर सिनॅमन आवृत्ती, त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. प्रोसेसर ६४-बिटचाच हवा. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकून घ्या. वेगात जो फरक एसएसडीने पडतो तो कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमने पडत नाही.

काहींनी मात्र थांबावं. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ ही रोजीरोटीची साधनं असतील तर विंडोज पूर्ण काढू नका. ‘वाइन’ हे विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर वापरून ती लिनक्सवर चालवण्याच्या भरवशावर धंदा ठेवता येत नाही. श्रीलिपीवर डीटीपी करणाऱ्यांचंही तेच. जीएसटी किंवा आयकराच्या सहीसाठी यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर मिळतो का, हे विक्रेत्याला आधी विचारा.

पेनड्राइव्ह तयार करणे

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट सामावलेली एकच फाइल, उतरवा. ती सुमारे ३ जीबीची असते. मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार हे धरून चाला. विंडोजमध्ये रूफस हे असा पेनड्राइव्ह तयार करणारं छोटं सॉफ्टवेअर उघडा, पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडा. आयएसओ निवडल्यावर शेजारचं बरोबरच्या खुणेचं बटण दाबलं की फाइलचा शा-२५६ आकडा, म्हणजे तिच्या बोटाच्या ठशासारखी खूण, दिसतो. मिंटच्या साइटवर दिलेल्या आकड्याशी तो जुळवून पाहा. मोबाइल हॉटस्पॉटवरून एवढी मोठी फाइल घेताना ती मधेच खराब होऊ शकते, आणि मग इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं. बाकीच्या गोष्टी रूफसने सुचवलेल्या तशाच राहू द्या आणि स्टार्ट करा.

न पुसता चालवून बघा

लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह लावा, सुरू करताना बूट मेन्यूची, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीची, कळ दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप. एसरवर एफ१२ आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावी लागते. यादीत पेनड्राइव्ह निवडलात की दोनेक मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप समोर येतो. याला लाइव्ह सेशन म्हणतात. तुमच्या डिस्कवर अजून काहीही लिहिलं गेलेलं नाही.

इथे घाई करू नका. एक संध्याकाळ द्या. वायफाय जोडलं जातं का? यूट्यूबवर आवाज येतो? कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसच्या कळा चालतात? झाकण लावून उघडल्यावर मशीन जागं होतं? बँकेची साइट फायरफॉक्समध्ये उघडते? प्रिंटर जोडून एक पान काढा. एचपीचे बरेचसे प्रिंटर लावल्या लावल्या ओळखले जातात, पण आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर डोकेदुखी ठरतो. वायफाय दिसलंच नाही तर घाबरू नका: मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट मिळतं आणि वायफायचा ड्रायव्हर नंतर टाकता येतो. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं संथ चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

इन्स्टॉलच्या आधी

फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर आणखी तीन गोष्टी लागतील. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं सांकेतिक कुलूप, बंद करा. पॉवरच्या सेटिंगमधला फास्ट स्टार्टअप बंद करा, त्यामुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह आक्रसून किमान ५० जीबी जागा मोकळी ठेवा, तिला फॉरमॅट करू नका.

इन्स्टॉल

चार्जर लावा. लाइव्ह डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ या चिन्हावर दोनदा क्लिक करा. भाषा मी इंग्रजीच ठेवायला सांगेन, एरर आली तर ती जशीच्या तशी शोधता येते. कीबोर्डमध्ये ‘इंग्लिश इंडिया, विथ रुपी’ निवडलं तर उजवं ऑल्ट आणि ४ दाबून ₹ उमटतो. मल्टिमीडिया कोडेक्सच्या (गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या भागांच्या) चौकटीत टिक करा. सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टिमची सही तपासणारी सोय) चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगतील. तो लिहून ठेवा, पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर एकदा विचारला जाऊ शकतो.

यानंतरचा पडदा सगळ्यात महत्त्वाचा. ‘इरेज डिस्क’ म्हणजे विंडोज आणि त्यातला सगळा डेटा साफ. ‘अलाँगसाइड’ म्हणजे विंडोजच्या शेजारी मिंट, सुरू करताना दोन्हींतलं एक निवडायचं. शेजारी ठेवायचा पर्याय दिसतच नसेल, किंवा डिस्कच दिसत नसेल, तर ‘इरेज’वर जाऊ नका. बाहेर पडा. बिटलॉकर चालू राहिला आहे का, ते आधी बघा. डिस्क हाताळण्याच्या, इंटेलच्या आरएसटी नावाच्या बायोस सेटिंगमुळेही असं होतं. विंडोज ठेवायचं असेल तर ते सेटिंग नीट वाचल्याशिवाय बदलू नका, कारण मग विंडोज सुरूच न होण्याची शक्यता असते. दोन डिस्क असतील तर आकार बघून योग्य ती निवडली आहे ना, ते तपासा. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर काय बदलणार याची यादी येते. ती वाचा, तोवर मागे फिरता येतं.

पुढे वेळेसाठी कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. संपलं की पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट.

पहिल्या दिवशी

अपडेट मॅनेजर चालवा, मग ड्रायव्हर मॅनेजर. टाइमशिफ्ट लावून ठेवा: एखादं अपडेट बिघडलं तर सिस्टिम मागच्या स्थितीवर नेता येते. तुमच्या फोटोंचा बॅकअप मात्र ते घेत नाही. सॉफ्टवेअर हवं तर गूगलवर फाइल शोधू नका, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. वर्ड-एक्सेलच्या फाइल लिब्रे ऑफिस उघडतं, किचकट मांडणी थोडी हलते. मराठीसाठी कीबोर्डच्या लेआउट यादीत इनस्क्रिप्ट आणि उच्चारावर बेतलेला कगप, असे पर्याय आहेत. गूगलसारखे शब्द ते सुचवणार नाहीत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही, तरी तो टाइप होत असतो.

दोन्ही सिस्टिम ठेवल्यात तर विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, एवढंच. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबलं की तात्पुरतं ठीक होतं. आणि तो पेनड्राइव्ह लगेच पुसू नका. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर निवडीचा मेन्यू गायब झाला, तर त्याच पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, मेन्यूत बूट रिपेअर शोधा आणि त्यातली सुचवलेली दुरुस्ती चालवा.