बाळाच्या हातात पहिला घास देताना या चुका टाळा

उष्टावण होतं, मामा चांदीच्या वाटीतली खीर चाटवतो, आणि त्यानंतर कित्येक घरांत मिक्सर सुरू होतो तो बाळ दीड वर्षाचं झालं तरी थांबत नाही. ‘दात आले की देऊ हातात.’ पण मऊ पदार्थ चिरडायला हिरड्या पुरतात. नऊ-दहा महिने नुसती पातळ पेजच मिळालेली बरीच मुलं पुढे साध्या वरणभाताच्या शितालाही उबळ काढतात. सहा महिने पूर्ण झाले, मान सावरली, थोड्या आधाराने बसता येऊ लागलं आणि जीभ घास बाहेर ढकलेनाशी झाली, की सुरुवात करावी. चार महिन्यांचं बाळ तुमच्या ताटाकडे टक लावून बघतं, तेवढ्यावर घाई नको.

सगळ्यात जास्त चुकतो तो आकार. बाळ लहान म्हणून तुकडाही लहान करतात. सहा-सात महिन्यांचं बाळ अख्ख्या मुठीने धरतं, त्यामुळे बारीक तुकडा मुठीतच राहतो. मोठ्या माणसाच्या बोटाएवढी लांब फोड द्या: वाफवलेलं गाजर, लाल भोपळा, रताळं. अर्धी मुठीत राहील, अर्धी तोंडात जाईल. नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा-तर्जनीची चिमूट जमू लागली की छोटे मऊ तुकडे. फोड आधी आपल्या चिमटीत दाबून बघा. सहज चेपली नाही तर आणखी शिजवा. केळं हातातून निसटत असेल तर भाजलेल्या नाचणीच्या पिठात घोळवा. भाकरीचा कडक पापुद्रा नको, आतला भाग वरणात भिजवून द्या. फोडणीतला कढीपत्ता मात्र आठवणीने काढा, तो टाळूला चिकटतो.

अख्खं द्राक्ष कधीही नको. गुळगुळीत आणि गोल असल्याने ते श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. उभे चार भाग करा, आणि ही सवय मूल पाच वर्षांचं होईपर्यंत ठेवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचा तुकडा, कच्चं गाजर, सफरचंदाची कडक फोड, चिकूची बी हे सगळं याच यादीत. मासा बोटांनी चाचपून, काटे काढूनच द्या.

म्हणूनच मला बोरन्हाणाची काळजी वाटते. बोरं, चुरमुरे, हलवा, हरभरे, उसाचे तुकडे, गोळ्या: बाळाच्या घशात अडकेल असं सगळं एकाच वेळी त्याच्या डोक्यावरून ओततो, आणि भोवती गोंधळ इतका की त्याने काय उचलून तोंडात घातलं ते कुणालाच दिसत नाही. सण जरूर करा. वर्षाच्या आतल्या बाळावर फुलांच्या पाकळ्या ओता, खाऊ मोठ्या मुलांना पिशव्यांतून द्या.

शेंगदाण्याची भीती वेगळी, ती अॅलर्जीची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात, जास्त धोका असलेल्या मुलांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित दिल्यावर त्याची अॅलर्जी बरीच कमी आढळली. तेव्हा अगदी बारीक कूट पेजेत मिसळून, पहिल्यांदा चिमूटभर, दिवसा द्या आणि अंगावर गांधी उठतात का, ओठ सुजतात का ते बघा. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मध मात्र वर्ष होईपर्यंत चाटवायलासुद्धा नको, त्यातून बोट्युलिझम ही जिवाणूंमुळे होणारी गंभीर विषबाधा होऊ शकते. मीठ-साखरही तोवर दूरच.

पायांवर आडवं घेऊन भरवणं, घरभर फिरवत भरवणं, रडताना तोंडात घास सारणं, मोबाइल समोर धरणं, यांतलं एकही नको. बाळ ताठ बसलेलं असावं आणि घास त्याने स्वतः तोंडात न्यावा. जवळचं माणूस एक क्षणही उठू नये.

सुरुवातीला उबळ येणारच. चेहरा लाल होतो, खोकला येतो, आवाज होतो. म्हणजे घास बाहेर काढायचं काम शरीर करतंय. घाबरून तोंडात बोट घालू नका, घास आणखी आत जातो. धोका असतो तो आवाज बंद होण्यात. रडू फुटत नाही, खोकला उमटत नाही, ओठ निळे पडू लागतात. अशा वेळी पाणी पाजणं, पाय धरून उलटं टांगणं व्यर्थ. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा धरलेला. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा. मग उताणं करून, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेने ५ दाब. घास निघेपर्यंत आलटून पालटून हेच. दुसऱ्या कुणी तरी १०८ लावावा. पोटावर दाब या वयात देऊ नयेत. शुद्ध हरपली तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करावा लागतो. तो घरातल्या आजी-आजोबांनी आणि बाळाला सांभाळणाऱ्या ताईंनीही बाहुलीवर हात बसेपर्यंत शिकून घ्यावा, आणि तोही पहिली फोड हातात देण्याआधी.