आधी रॉड, मग पुली: फ्री वेट आणि केबल एकाच वर्कआऊटमधे कसं बसवायचं

जिममधे साधारण दोन प्रकारचे लोक दिसतात. एक रॉड-डंबेलवाले, म्हणजे मोकळं वजन हातात धरून उचलणारे (यालाच फ्री वेट म्हणतात), त्यांच्या मते केबल, म्हणजे पुलीवरून तारेने वजन ओढायचं मशीन, ही शेवटी पंप काढायची, मसल फुगवायची गोष्ट, आणि दुसरे जे आल्याआल्या पुलीवर जाऊन उभे राहतात कारण तिथे प्लेटांच्या थप्पीतली पिन काढली खाली घातली की झालं, प्लेटा उचलून आणायला नकोत. मी दोन्ही करून बघितलंय, काही वर्षं नुसता रॉड आणि मधे एक काळ असा की जवळपास सगळं केबलवरच, आणि आता माझं मत पक्कं आहे की ताकद वाढवायची असेल तर दोन्ही लागतात, फक्त कोणाला कुठलं काम द्यायचं आणि आधी कोण मग कोण हे ठरवावं लागतं.

दोघांत फरक काय ते आधी बघू

डंबेलचं वजन कायम सरळ खाली ओढतं, तुम्ही उभे असा, आडवे असा, वाकलेले असा. म्हणून डंबेल फ्लाय (बेंचवर झोपून हात बाजूला उघडायचे आणि परत वर आणायचे) मारताना हात बाजूला पसरलेले असतात तेव्हा छातीवर जबरदस्त ताण येतो, पण हात वर आणून डंबेल एकमेकांजवळ आले की छातीला कामच उरत नाही, सगळं वजन सरळ हातांच्या हाडांवर उभं राहतं. लॅटरल रेझचंही (उभं राहून हात बाजूने खांद्यापर्यंत उचलणं) तसंच, हात खाली लटकत असताना खांद्याला काहीच नाही आणि हात जमिनीला समांतर आला की एकदम भारी.

केबलमधे वजन तार जिकडे जाते तिकडे ओढतं. विहिरीतून पाणी शेंदताना काठावर वाकून बादली नुसत्या हाताने ओढली तर वर ओढावी लागते, तोच दोर रहाटावरून घेतला की खाली ओढायचा, बादली तीच पण शरीराला काम वेगळं. जिममधल्या पुलीचंही हेच. तार खालून घ्या, वरून घ्या, बाजूने घ्या, हवी ती दिशा मिळते आणि हालचालीत बराच वेळ मसलवर ताण राहतो.

मग रॉड कशाला, सगळं केबलवरच करू की, असं वाटेल. पण उभं राहून केबल प्रेस (हँडल छातीपासून पुढे ढकलणं) करून बघा, वजन जरा वाढवलं की छाती थकायच्या आधी तुम्हीच मागे ओढले जाता, कारण शरीर जमिनीला धरून ठेवणं हीच मर्यादा होते. बेंचवर झोपून रॉड ढकलताना ती अडचण नाही. स्क्वॉट (रॉड खांद्यावर घेऊन बैठक), डेडलिफ्टमधे (रॉड जमिनीवरून उचलणं) पाय, कंबर, पाठ, पोट सगळं एकत्र कामाला लागतं आणि वजन थोडं थोडं करून खूप वर नेता येतं. आपल्याकडे तालमीत मुद्गल आणि करेल फिरवतात तेही फ्री वेटच, तोल सांभाळत जड वस्तू हलवायची, त्यातून येणारी ताकद वेगळी असते.

पायरी 1: खरं वजन किती उचलताय ते काढा

हे कोणी करत नाही आणि मला वाटतं सगळ्यात आधी हेच करायला हवं. ऑलिंपिक रॉड 20 किलोचा असतो, महिलांचा 15 किलोचा. पण बऱ्याच जुन्या जिममधे बारीक रॉड असतात, त्यांचं वजन यापेक्षा कमी असतं, कितीतरी लोक तो 20 धरून हिशोब करतात. एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा.

पुलीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. शाळेत स्थिर कप्पी आणि चल कप्पी शिकलो होतो ना, तेच इथे आहे. काही मशीनमधे तार अशी फिरवलेली असते की नुसती दिशा बदलते, पिन 20 वर तर हाताला साधारण 20. पण दोन हँडलवाल्या बऱ्याच मशीनमधे मधे चल कप्पी असते, तिथे पिन 20 वर लावली तरी हाताला 10 च्या आसपासच लागतं. ओळखायचं कसं? हँडल साधारण हातभर बाहेर ओढा आणि प्लेटांकडे बघा. प्लेटा पण हातभर वर गेल्या तर पूर्ण वजन, निम्म्याच वर गेल्या तर निम्मं. शिवाय पुली जुनी असेल, तेलपाणी नसेल तर घर्षणाने ओढताना जड आणि सोडताना हलकं लागतं. म्हणून एका मशीनचा आकडा दुसऱ्या मशीनला लावू नका, वहीत लिहिताना कुठली पुली तेही लिहा, "खिडकीजवळची" असं लिहिलं तरी चालेल.

पायरी 2: वॉर्मअपला केबल, पण हलकी

पाच मिनिटं चालणं किंवा सायकल, मग बेंच किंवा शोल्डरचा दिवस असेल तर अगदी हलक्या वजनावर फेस पुलचे दोन सेट, 15-15 रेपचे (रेप म्हणजे एक पूर्ण हालचाल, सलग मारलेले रेप म्हणजे एक सेट). पुलीला लावायचा रोप (दोर) डोळ्यांच्या उंचीवर, कोपरं बाहेर, रोपची टोकं कानांकडे ओढायची. खांद्याचा मागचा भाग जागा होतो. थकायचं नाही, घाम यायला लागला की बास. त्यानंतर मोकळा रॉड, मग थोडं थोडं वजन चढवत कामाच्या वजनापर्यंत जायचं, थेट 60 किलोवर उडी मारायची नाही.

पायरी 3: ताजे असताना जड रॉड

पहिल्या व्यायामाला तुमची सगळी शक्ती आणि लक्ष द्यायचं. बेंच प्रेस, स्क्वॉट, डेडलिफ्ट, रो (वाकून रॉड पोटाकडे ओढणं), ओव्हरहेड प्रेस (रॉड डोक्यावर ढकलणं), यातला एक, 4 सेट, 5 ते 6 रेप, आणि मधे 2 ते 3 मिनिटं आराम. आराम म्हणजे आरामच, शेजारच्या पुलीवर जाऊन मधेच ट्रायसेप (दंडाचा मागचा मसल) मारून यायचं नाही.

हे मी ठासून सांगतोय कारण मी स्वतः जवळपास वर्षभर उलटं केलं. संध्याकाळी बेंच रिकामा नसायचा म्हणून मी आधी रोप पुशडाऊन (रोप वरच्या पुलीवरून खाली दाबणं, ट्रायसेपसाठी) आणि केबल फ्लाय मारून घ्यायचो आणि मग बेंचवर यायचो, तोपर्यंत ट्रायसेप गळून गेलेला, त्यामुळे बेंच 55 किलोवर अडकला तो अडकलाच, मला वाटायचं खाण्यात काही कमी पडतंय. क्रम फक्त उलटा केला आणि काही आठवड्यांत आकडा हलायला लागला. बेंच रिकामा नसेल तर डंबेल प्रेस करा, तेही जमत नसेल तर तिथे सेट मारणाऱ्याला विचारा, "दादा, मधे मधे मी मारू का?", शक्यतो कोणी नाही म्हणत नाही.

प्रत्येक सेटमधे एखाद-दोन रेप अजून निघाले असते अशा ठिकाणी थांबा. रॉडखाली अडकायची वेळ यायला नको, त्यामुळे एकटे असाल तर रॅकच्या सेफ्टी रॉडमधेच मारा, नाहीतर कोणाला तरी मागे उभं करा. प्लेटांना क्लिप लावा.

यानंतर दुसरा व्यायाम शक्यतो डंबेलचा, 3 सेट, 8 ते 10 रेप. डंबेलमधे दोन्ही हात आपापलं काम करतात, त्यामुळे एक बाजू कमजोर असेल तर लगेच कळतं.

पायरी 4: रॉडने जे सोडलं ते केबलने भरा

आता पुलीवर या. इथे रेप 12 ते 15, आराम एक-दीड मिनिट, आणि परत सोडताना दोन-तीन सेकंद घ्यायचे, प्लेटा धाडकन आपटल्या नाही पाहिजेत. आपटल्या म्हणजे तेवढा वेळ मसलवरचा ताण गेला.

पुलीची उंची हीच इथली मुख्य गोष्ट. छातीच्या फ्लायला पुली वर ठेवून हात खाली आणले तर छातीच्या खालच्या भागावर जास्त जोर येतो, खाली ठेवून वर आणले तर वरच्या भागावर. लॅटरल रेझला पुली खाली लटकत्या मनगटाच्या उंचीला लावा आणि तार शरीरासमोरून किंवा मागून आडवी घ्या, म्हणजे डंबेलमधे जो सुरुवातीचा भाग फुकट जातो तिथेच ताण मिळतो. ट्रायसेपसाठी पुशडाऊन सगळेच करतात, पण आठवड्यातून एकदा पुलीकडे पाठ करून रोप डोक्यावरून घ्या, कारण ट्रायसेपचा लांब भाग खांद्याच्या सांध्यावरून जातो आणि हात वर असताना तो पूर्ण ताणला जातो. पाठीला लॅट पुलडाऊन, ज्याला आपल्याकडे विंग्स मारणं म्हणतात. बार छातीच्या वरच्या भागापर्यंत आणा, मानेमागे नको, आणि आधी कोपरं खाली यायला हवीत, हात नुसते हूक समजा.

पोटासाठी एक व्यायाम मला फार आवडतो, पॅलॉफ प्रेस. पुली छातीच्या उंचीला, तुम्ही असे उभे की ती तुमच्या एका बाजूला येईल, हँडल दोन्ही हातांनी छातीजवळ धरून सरळ समोर ढकलायचं आणि तार शरीराला फिरवायला बघते ते होऊ द्यायचं नाही. साधा दिसतो, पण डेडलिफ्टमधे कंबर स्थिर ठेवायची जी ताकद लागते ती इथे बनते. ही दिशा डंबेलला देताच येत नाही.

बसण्याआधी तार बघा. वरचं प्लॅस्टिक फाटून आतली वायर दिसत असेल तर त्या मशीनवर बसू नका आणि ट्रेनरला सांगा. पिन पूर्ण आत गेली का, हूक बंद झालाय का, हेही.

पायरी 5: आठवडा असा लावा

तीन दिवस पुरतात, मधे एक दिवस सुट्टी. सोमवारी बेंच प्रेस, मग इन्क्लाइन (तिरक्या बेंचवर) डंबेल प्रेस, मग केबल फ्लाय, केबल लॅटरल रेझ, रोप ट्रायसेप. बुधवारी स्क्वॉट, मग हलक्या वजनावर रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे जरासेच वाकवून, नितंब मागे नेत रॉड खाली नेऊन वर आणणं) 8 रेपचे 3 सेट, मग केबल पुल-थ्रू (पुलीकडे पाठ, रोप पायांमधून, कंबरेतून नाही तर नितंबांतून मागे जाऊन पुढे यायचं) आणि पॅलॉफ प्रेस. शुक्रवारी रॉडचा रो, लॅट पुलडाऊन, एका हाताने केबल रो, फेस पुल आणि शेवटी बायसेप. तास-सव्वा तासात होतं.

नवीन असाल किंवा वय जास्त असेल तर पहिले दोन महिने केबलचा वाटा जास्त ठेवा. माझ्या मावशीने पन्नाशीनंतर सुरुवात केली, तिला मोकळा 20 चा रॉडसुद्धा जड होता, पण सीटेड केबल रो हलक्या वजनावर पहिल्याच दिवशी नीट जमला, सोबत दोन छोटे डंबेल हातात घेऊन खुर्चीवरून उठणं-बसणं. आता ती रॉडने स्क्वॉट मारते. बीपी, हर्निया, स्लिप डिस्क यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि जोर लावताना श्वास कोंडून ठेवू नका.

पायरी 6: वजन वाढवायचे नियम दोघांना वेगळे

रॉडवर चारही सेटमधे 6 रेप स्वच्छ निघाले की पुढच्या वेळी 2.5 किलो वाढवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो. सव्वाच्या प्लेटा जिममधे नसतील तर मालकांना मागा, फार महाग नसतात. केबलला हा हिशोब चालत नाही कारण पिनची उडी बऱ्याचदा 5 किलोची असते, लॅटरल रेझमधे 10 वरून 15 वर जाणं म्हणजे एकदम 50 टक्के वाढ, तिथे मग अंग झोकून रेप काढायची सवय लागते. त्यामुळे पिन तशीच ठेवा, 15 वरून 18, 20 रेपपर्यंत जा, आणि तेव्हाच पुढच्या भोकात घाला.

रॉडचे मुख्य व्यायाम निदान तीन-चार महिने बदलू नका, नाहीतर वाढतंय की नाही ते कळणारच नाही. केबलचे दोन महिन्यांनी बदलले तरी चालतात, हँडल बदला, उंची दोन भोकं वर-खाली करा, खांद्यात कुठे टोचत असेल तर तार जिथून टोचत नाही तिथून घ्या. आणि एखाद्या दिवशी झोप नीट झालेली नसेल, रॉड नेहमीपेक्षा जड लागत असेल, तर त्या दिवशी रॉडचे दोनच सेट मारून उरलेलं सगळं केबलवर करा, पुढच्या आठवड्यात परत त्याच वजनावर या.