फॉर्मच्या दुकानातला कॉम्प्युटर असा साफ केला

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात मी ऑनलाइन फॉर्म भरून देतो. पीक विम्याच्या गर्दीत एक दिवस माउसचा बाण आपोआप हलू लागला. गिऱ्हाइकांचे आधार, पासबुक सगळं त्यातच. काळजात धस्स झालं.

आधी नेटची वायर काढली. बॅकडोअर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चोरून बसवलेला मागचा दरवाजा, नेटवरूनच बाहेरच्या माणसाचा हुकूम घेतो. मग मोबाइलवरून बँकेचे, ईमेलचे पासवर्ड बदलले. त्याच कॉम्प्युटरवर बदलले असते तर नवेही चोरीला जाऊ शकले असते.

शिरला कुठून? टायपिंगचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मी फुकट उतरवलं होतं. ‘अँटीव्हायरस बंद करा’ असं त्यात लिहिलं होतं, तेही ऐकलं. विंडोजमध्ये प्रोग्राम आपोआप चालू करणारा टास्क शेड्युलर असतो, त्यात अनोळखी नाव दिसलं : कॉम्प्युटर चालू झाला की तेही चालू. विंडोजचाच अँटीव्हायरस असलेल्या डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावलं. ते विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतं, म्हणून लपून बसलेलंही हाती लागतं. फाइल निघाली. पण दुसरा दरवाजा उघडा नसेल कशावरून? शेवटी पुतण्याच्या लॅपटॉपवर विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवून डिस्क पुसली, विंडोज नव्यानं टाकलं. जुने फोटो आणि स्कॅन केलेले कागद तेवढे तपासून परत घेतले, सॉफ्टवेअरची सेटअप फाइल एकही नाही.

मग घरोघरी गेलो. ‘काकाजी, पासबुकात एंट्री मारून घ्या, काही वेगळं दिसलं तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करा.’